किसुमूचं बारसं आणि माझं कोल्हापूरचं घड्याळ

परत आल्यापासून कुरुंदवाडात मला एकच प्रश्न विचारला जातोय. भाजीवाली असो, शाळेतल्या बाई असोत, की नुसती तोंडओळख असलेलं कुणी असो, वाटेत थांबवतात आणि म्हणतात, "बाई, किती लांब हाय वो आफ्रिका?"

मी एकवीस वर्षं हायस्कूलला भूगोल शिकवते, तेव्हा उत्तर जिभेवरच आहे. कोल्हापूर ते मुंबई पावणेचारशे किलोमीटर, बसनं नऊ तास. मुंबई ते नैरोबी साडेचार हजार किलोमीटर, विमानानं सहा तास. नैरोबी ते किसुमू अडीचशेच्या वर, पाऊण-एक तास. आणि आमच्या घरापासून वारणानगर पंचावन्न किलोमीटर, तिथं पोचायला मला नऊ वर्षं लागली. हे शेवटचं गणित कळल्याशिवाय आधीची तिन्ही कळायची नाहीत, म्हणून तेच आधी सांगते.

माझा धाकटा भाऊ संभा साखर कारखान्यात इंजिनिअर. नऊ वर्षांपूर्वी तो वारणानगरला होता, तेव्हा त्याला पहिली मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आमच्या घरात आत्या एकच, ती मी. मी नाव शोधलं, कुणाला कळू दिलं नाही, नवी साडी नेसून आमच्या ह्यांच्या मोटारसायकलवर मागं बसले आणि हातकणंगल्याच्या अलीकडं भर उसाच्या फडाजवळ मागचं चाक पंक्चर झालं. "पंक्चर काय मुहूर्त बघून होतंय व्हय?" असं हे उलट मलाच म्हणाले. गाडी ढकलत हातकणंगले गाठलं, पंक्चरवाला जेवायला गेलेला. वारणानगरात पोचलो तेव्हा मंडळी जेवून हात धुवत होती. मुहूर्त टळू नये म्हणून शेजारच्या मंगलवहिनींना आत्या म्हणून उभं केलं होतं. त्यांनी बाळाच्या कानात 'सई' सांगितलं, रीतीप्रमाणं सगळ्यांचे धपाटे पाठीवर घेतले आणि मानाचा खणही घेतला.

सई नाव गोड आहे, माझी तक्रार नाही. पण आपल्याकडं लहानांना गप्प करायला म्हणतात ना, "तुझ्या बारशाला जेवलोय मी," ते सईला म्हणायची माझी सोय राहिली नाही. मी तिच्या बारशाचं उरलेलं जेवले होते. मी शोधलेलं नाव मात्र माझ्यापाशीच राहिलं. मी ते नऊ वर्षं कुणालाही दिलं नाही. जावेच्या मुलीला नाही, शाळेतल्या बाईंच्या नातीला नाही.

पुढं संभा केनियातल्या कारखान्यात गेला. आपल्या भागातले बरेच साखरवाले तिकडं आहेत. यंदा तिथं त्याला दुसरी मुलगी झाली आणि फोनवर त्याचं पहिलंच वाक्य होतं, "आक्का, ह्या खेपेला तू आल्याबिगर पाळणा हलणार न्हाय."

मी त्याच दिवशी पासपोर्टचा फॉर्म आणला.

तिकीट

तिकीट हातात आलं तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. त्यावर छापलं होतं: मुंबईहून दुपारी पावणेदोन, नैरोबीला सव्वापाच.

"साडेतीन तास?" हे चष्मा वर करून म्हणाले. "अगं, मग मुंबईपरास आफ्रिका जवळ हाय की."

मी त्यांना मोसंबं आणि बॅटरी घेऊन समजावलं. एका रेखावृत्ताला चार मिनिटं, पश्चिमेला गेलं की घड्याळ मागं, केनिया आपल्या अडीच तास मागं, म्हणून साडेतीन तास दिसले तरी आपण सहा तास हवेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मोसंबं सोललं आणि खाल्लं.

सव्वा महिना झाल्यावरचा दिवस धरून गुरुजींनी मुहूर्त काढून दिला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: रविवार, अकरा चाळीस ते बारा दहा. मी ती चिठ्ठी पासपोर्टात ठेवली. आई हातकणंगल्याला असते, गुडघ्यांमुळं येणार नव्हती. तिनं डिंकाचे लाडू, अळीव, गूळ आणि कांदा-लसूण मसाला असं सगळं बांधून दिलं आणि माझ्या मनगटाला हात लावून म्हणाली, "ह्या घड्याळाला हात लावायचा न्हाय. मुहूर्त हुकला तर आता मी ऐकून घ्यायची न्हाय."

तेव्हा पहिल्या दिवसापासून माझं घड्याळ कोल्हापूरचंच राहिलं. ते एवढं महागात पडेल असं वाटलं नव्हतं.

समुद्रावरून

विमानात मी खिडकीशी बसले. एकवीस वर्षं फळ्यावर विषुववृत्त काढते, ते आज ओलांडणार होते. मी हवाईसुंदरीला सांगून ठेवलं, "विषुववृत्त आलं की मला सांगा हं." ती फार गोड हसली. मग जेवण आलं, मी भात आणि राजमा खाल्ला, वर एक गोड वडीसारखं काहीतरी होतं ते खाल्लं, आणि थोड्या वेळानं तिला आठवण करून दिली. ती पुढं जाऊन विचारून आली आणि म्हणाली, "मॅडम, मघाशीच गेलं. तुम्ही जेवत होता."

मला इतकं हसू आलं की शेजारच्या गृहस्थांनी पाण्याची बाटली पुढं केली. परत आल्यावर मी नववीच्या वर्गात हेच सांगितलं: पोरांनो, विषुववृत्त राजम्याच्या वेळी येतं.

नैरोबीला उतरले तेव्हा माझ्या मनगटावर पावणेआठ वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. तपासणीच्या टेबलावर एका उंच साहेबानं माझी बॅग उघडली. लाडवांना त्यानं मान डोलावली. मसाल्याचा डबा मात्र उघडला, नाक आत घातलं आणि सलग चार शिंका दिल्या. डोळे पुसत विचारलं, "औषध?"

"सगळ्यावर," मी म्हटलं.

त्यानं डबा माझ्यापेक्षा काळजीपूर्वक बंद केला आणि मला जाऊ दिलं.

मुक्काम संभाच्या ओळखीच्या एका गुजराती कुटुंबात होता. हवा आपल्या पन्हाळ्यासारखी गार, आणि चहा तर अगदी घरचा, दुधात उकळलेला. तिकडं त्याला चहाच म्हणतात आणि चपातीला चपाती. मी मनाशी म्हटलं, उगाच एवढे लाडू वाहिले.

कुणाचे अकरा चाळीस

रविवारी सकाळी नैरोबीच्या विमानतळावर किसुमूच्या विमानाची वाट पाहत बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात सात पंचवीस, माझ्या मनगटावर नऊ पंचावन्न. आठला विमान, आठ पन्नासला किसुमू, तिथून गाडीनं दीड तासावर कारखान्याची कॉलनी. साडेदहाला घरी, अकरा चाळीसला बारसं. संभानं सगळं चोख आखलं होतं. मी हिशोब दुसऱ्यांदा केला आणि पासपोर्टातली गुरुजींची चिठ्ठी काढली.

अकरा चाळीस, पण कुणाचे?

गुरुजी कोल्हापूरचे, पंचांग कोल्हापूरचं. मग अकरा चाळीस म्हणजे माझ्या मनगटावरचे अकरा चाळीस. तेव्हा किसुमूत नऊ दहा झालेले असणार. आणि नऊ दहाला मी कॉलनीच्या दीड तास अलीकडं, विमानतळाच्या दारात असणार.

गुरुजींना फोन लावला. उचलला नाही. तिकडं रविवारची दहाची वेळ, ते कुणाकडं तरी सत्यनारायणाला बसलेले असणार. मग आईला लावला. ती व्हिडिओवर आली, म्हणजे तिचं कपाळ आलं.

"सुमन, पंचांग कुनाचं?" ती म्हणाली. "आपलं. गुरुजी कुनाचं? आपलं. मग घड्याळ कुनाचं?"

"आई, पण तिथला सूर्य अडीच तास उशिरा..."

"सूर्याला कशाला मधी आनतीस? त्यो सगळीकडं एकच हाय की."

भूगोलाच्या बाईला आईपुढं भूगोल सुचत नाही. मी संभाला फोन लावला आणि सांगितलं की बारसं विमानतळावर करायचं आहे.

"आक्का, डोकं फिरलंय काय तुझं? आमी वाटंत हाय. पाळणा घरात, सई घरात, घुगऱ्या घरात. शेजारच्या वहिनी आन् सई मिळून फुगं लावाय लागल्यात."

"बाळी कुठं आहे?"

"बाळी गाडीत. रूपा म्हणली, सव्वा महिना घराबाहेर पडले न्हाय, मी पण येणार आक्कांना आणायला."

"मग झालं तर. बाळी आहे, मी आहे. अजून काय लागतं?"

मग माझी भावजय रूपा पलीकडून म्हणाली, "आक्का, या तुमी. पाळण्याचं मी बघते."

अकिन्यीबाई

किसुमूच्या छोट्या विमानात माझ्या शेजारी एक भरदार बाई बसल्या होत्या, डोक्याला पिवळा रुमाल, मांडीवर केकचा खोका. त्यांनी माझ्याकडं पाहून सरळ विचारलं, "तुम्हांला विमानाची भीती वाटते का?" मी म्हटलं, विमानाची नाही, घड्याळाची वाटते. मग माझ्या शाळेतल्या इंग्रजीत त्यांना सगळी कथा सांगितली: पंक्चर, मंगलवहिनी, अकरा चाळीस.

त्या शिक्षिकाच निघाल्या, त्याही एकवीस नाही, तेवीस वर्षं. नाव अकिन्यी. त्या लुओ लोकांतल्या, आणि त्यांच्यात म्हणे मूल कोणत्या वेळी जन्मलं त्यावरून नाव पडतं. अकिन्यी म्हणजे सकाळी जन्मलेली.

"तुमची भाची कधी जन्मली?"

"दुपारी, भर उन्हात."

"मग तिचं नाव अचियेंग. ते तर तिला आधीच मिळालंय. तुम्ही एवढ्या लांबून काय आणताय?"

मी म्हटलं, "दुसरं आणतेय. नऊ वर्षांचं जुनं आहे."

त्यांना ते फार आवडलं. आणि अजून एक त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडं दिवसाचा पहिला तास सूर्य उगवल्यावर सुरू होतो, त्यामुळं आपण सकाळचे सात म्हणतो तेव्हा त्यांच्या बोलीत एक वाजतो. मी कपाळाला हात लावला. दोन घड्याळं पुरत नव्हती म्हणून आता तिसरं आलं.

एवढ्यात खाली व्हिक्टोरिया सरोवर दिसू लागलं. कोल्हापूरच्या माणसाला कुठलंही पाणी दाखवा, तो आधी रंकाळ्याशी मापतो. मी मापायला गेले आणि पलीकडचा काठच सापडेना. नंतर आईला सांगितलं की रंकाळ्याहून पुष्कळ मोठं आहे. ती म्हणाली, "असू दे."

नऊ दहा

विमान वेळेवर उतरलं, बॅग मात्र वेळेवर येईना. मनगटावर अकरा चौतीस झाले. मी अकिन्यीबाईंना म्हटलं, "बॅग राहू दे," आणि तशीच बाहेर पळाले. त्या माझी बॅग आणि स्वतःचा केक घेऊन मागून आल्या.

बाहेर आंब्याच्या झाडाखाली संभा, रूपा आणि तिच्या कडेवर दुपट्यात गुंडाळलेली बाळी. सहा आठवड्यांचं गाठोडं, नाक अगदी आईचं, म्हणजे माझ्या आईचं. मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. अकरा एकोणचाळीस.

पाळण्याचं रूपानं आधीच ठरवलं होतं, ओढणीची झोळी करायची. ओढणी निघाली तोकडी. तेव्हा अकिन्यीबाईंनी आपल्या पिशवीतून रंगीत सुती कापड काढलं, तिकडच्या बायका तेच कमरेला गुंडाळतात आणि त्यातच मूल पाठीशी बांधतात. एक टोक त्यांनी धरलं, एक संभानं. बाळी आत. संभाच्या दुसऱ्या हातात फोन, फोनवर आईचं कपाळ. आजूबाजूला पाच-सहा टॅक्सीवाले जमले. मी वाकले, बाळीच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्र्र" केलं आणि नऊ वर्षं जपलेलं नाव सांगितलं.

जाई.

झोळी हलली. आई फोनमधून ओरडली, "आत्याला मारा की मग, बघत काय बसलाय?"

संभानं फोन रूपाकडं दिला आणि मोकळ्या झालेल्या हातानं पाठीत धपाटा घातला. रूपानं घातला. मग संभानं टॅक्सीवाल्यांना सांगितलं, ही आमची रीत आहे, नाव ठेवणाऱ्या आत्याला मारायचं असतं. ते बिचारे आधी लाजले. एकानं हळूच थोपटलं. तेवढ्यात अकिन्यीबाईंनी झोळीचं टोक रूपाकडं दिलं, पुढं आल्या आणि त्यांच्या तेवीस वर्षांच्या नोकरीचा हात माझ्या पाठीवर पडला. मी चार पावलं पुढं गेले. मग सगळ्यांचीच भीड चेपली.

आणि शिट्टी वाजली. एक पोलीसबाई लांबून धावत आली. तिला एवढंच दिसत होतं की एका परदेशी बाईला दहा माणसं मिळून मारताहेत आणि ती हसतेय. तिनं सगळ्यांना बाजूला सारलं आणि माझा दंड धरून विचारलं, "तुम्ही ठीक आहात ना?"

मला हसण्यामुळं बोलता येईना. अकिन्यीबाईंनी तिच्या भाषेत तिला समजावलं. ती शेवटपर्यंत गंभीर राहून ऐकत होती. मग तिनं झोळीत डोकावून बाळीकडं पाहिलं, शिट्टी खिशात ठेवली, आणि मला एक असा धपाटा दिला की तो कायद्याचा होता हे लगेच कळलं. बघायला जमलेल्या बायकांनी जीभ हलवत एक लांब उंच आवाज काढला, तसा तिकडं आनंदाला काढतात. अकिन्यीबाईंनी केक कापला. निरोप घेताना त्या बाळीला म्हणाल्या, "जाई अचियेंग," आणि मला ते ऐकायला अजिबात परकं वाटलं नाही.

कॉलनी

घराकडं जाताना दोन्ही बाजूंना ऊस. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वाटेवर सांडलेली कांडी, मळीचा वास. मी संभाला म्हटलं, "अरे, हे हातकणंगलेच आहे की." तो म्हणाला, "फकस्त पंक्चर न्हाय झालं."

दारात सई उभी होती. नऊ वर्षांची, कमरेवर हात, मागं फुगे लावलेला पाळणा. रूपानं हौसेनं तिला सगळं सांगितलं आणि पोरीचा चेहरा पडला.

"माझ्याशिवाय केलंसा?"

मी तिला जवळ घ्यायला गेले तर ती पाळण्यामागं गेली. नऊ वर्षांपूर्वी दारात मी अशीच उभी होते, ते मला आठवलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. गुरुजी. सत्यनारायण आटोपून त्यांनी माझे अकरा हुकलेले फोन पाहिले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अवो ताई, मूल जिथं हाय तिथला सूर्य धरत्यात. मी किसुमूचंच काढलंतं. तुमचा अकरा चाळीस अजून व्हायचा हाय."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. अकरा पंचवीस.

संभा हसत खुर्चीत बसला. फोनवर आईला कळवलं तेव्हा ती जराही ओशाळली नाही. "मग पयलं धरायचं न्हाय," ती म्हणाली. "परत मार खा." मी तिला सूर्याची आठवण करून दिली, तर तिनं घुगऱ्या शिजल्या का ते विचारलं.

मग सगळं नीट झालं. पाळणा सईनं हलवला. शेजारच्या वहिनींनी ओटी भरली. अकरा चाळीसला मी पुन्हा वाकले, पुन्हा "कुर्र्र" केलं, पुन्हा जाई. पहिल्या वेळी बाळी झोपेत होती, ह्या वेळी तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. पाठीवरचा पहिला धपाटा सईचा होता. मघाचा सगळा राग तिनं त्यात घातला, आणि तिथंच तो संपला.

घुगऱ्या वाटल्या. आपल्या हरभऱ्याच्या, आणि तिथल्याच एका केनियन शेजारणीनं आणलेल्या त्यांच्याकडच्या मका-घेवड्याच्या. त्या लोकांचं ते रोजचं जेवण, आपल्याकडं बारशाचा मान. मी दोन्ही खाल्ल्या. सईला म्हटलं, "बघ, तुझ्या बहिणीच्या बारशाला जेवले मी."

ती वाटी खाली ठेवून माझ्याजवळ आली. "आत्या, माझं ठेव की आता."

"काय?"

"नाव. तू माझ्या कानात कुठं सांगितलंयस?"

"अगं, तुझं नाव तर आहे."

"ते मंगलकाकींनी सांगितलंय."

रूपा मान वळवून पाळण्याची दोरी नीट करू लागली. सईनं केस कानामागं सारले आणि डोळे मिटून उभी राहिली. ह्या वेळी मला थोडंच वाकावं लागलं, कारण आता ती माझ्या खांद्याला लागत होती. तिच्या कानाशी "कुर्र्र" केलं, ती गुदगुल्यांनी हसली, आणि मी सांगितलं, "सई."

पाठीवर तिसऱ्यांदा धपाटे बसले. ह्या खेपेला कोल्हापूरच्या घड्याळात किती वाजले होते आणि किसुमूच्या घड्याळात किती, ते मी पाहिलं नाही.